गेटच्या नोंदीतून आलेला फॉर्म्युला: ठाण्यातील एका गृहसंकुलाचे प्रकरण

पार्श्वभूमी

घोडबंदर रोडवरचे एक मोठे गृहसंकुल. बारा इमारती, बारा सोसायट्या, त्यांचे मिळून एक फेडरेशन आणि क्लबहाऊसच्या तळमजल्यावर फेडरेशनचे दोन टेबलांचे ऑफिस. गेटवरची नोंद, मेंटेनन्सची बिले, टँकरचा हिशेब, तक्रारी हे सगळे एकाच सॉफ्टवेअरवर चालते. ते सॉफ्टवेअर वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीचे. ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत. तांत्रिक भाग जसा घडला तसाच ठेवला आहे.

पाहुण्यांच्या नोंदीची पद्धत सोपी होती. रहिवासी पाहुण्याला व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवतो. पाहुणा स्वतःच नाव, मोबाईल, गाडीचा नंबर आणि 'येण्याचे कारण' भरतो. लॉगिन लागत नाही. लिंक पुढे कोणी कोणाला पाठवली याचा पत्ता लागत नाही, म्हणजे हा फॉर्म जवळजवळ सार्वजनिकच होता.

दर सोमवारी सकाळी फेडरेशनच्या मॅनेजर मॅडम आठवड्याची नोंद सीएसव्ही फाईलमध्ये उतरवून घेत, एक्सेलमध्ये उघडत आणि इमारतनिहाय गाळून प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठवत. या फाईलमध्ये पाहुण्याने भरलेल्या माहितीशेजारीच फ्लॅट क्रमांक, रहिवाशाचा मोबाईल आणि पास क्रमांक असे कॉलम होते. घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, दूधवाले यांचा सहा आकडी कायम पासही त्याच कॉलममध्ये. गेटवरच्या टॅबवर तो टाइप केला की आत सोडतात.

अडचण कशी उघडकीस आली

एका सोमवारी 'येण्याचे कारण' या कॉलममध्ये एका ओळीत मजकूर दिसला: 'गाडीची नोंद अपूर्ण, तपशील पाहा'. त्यावर माउस नेला की बाणाचा हात होत होता. मॅडमनी क्लिक केले. ब्राउझर उघडला, कोरे पान आले. त्यांनी सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला.

"सर, तुमची लिंक उघडत नाहीये. गाडीची नोंद अपूर्ण आहे म्हणतंय."

"मॅडम, आमच्या रिपोर्टमध्ये लिंक नसतेच. तो सेल निवडा आणि वरच्या पट्टीत काय लिहिलंय ते जरा वाचून दाखवा."

मॅडम वाचू लागल्या: बरोबरचे चिन्ह, मग हायपरलिंक, मग कंस, मग कुठलातरी अनोळखी पत्ता. सपोर्टच्या मुलाने त्यांना तिथेच थांबवले, फाईल बंद करायला सांगितली आणि डेव्हलपरला बोलावले. या प्रकरणातली सगळ्यात मोलाची कृती हीच. 'ब्राउझर बदलून बघा' असे सांगून फोन ठेवला असता तर पुढच्या सोमवारी तोच सेल पुन्हा क्लिक झाला असता.

आत काय होते

सीएसव्ही म्हणजे निव्वळ मजकूर: स्वल्पविरामांनी तोडलेले शब्द. या फाईल प्रकाराचे २००५ चे वर्णन, आरएफसी ४१८०, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हे कशी लिहायची ते सांगते; सेलचा प्रकार कोणता, हे सांगण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क किंवा गुगल शीट्स फाईल उघडताना प्रत्येक सेलबद्दल स्वतःच अंदाज बांधतात. सेलची सुरुवात =, +, - किंवा @ यांनी झाली की एक्सेल तो फॉर्म्युला समजते. @ हा लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामच्या काळातला वारसा आहे. मजकूर दुहेरी अवतरणात ठेवला तरी फरक पडत नाही. फाईल वाचताना अवतरण गळून पडते आणि मग फॉर्म्युला तपासला जातो. अनेक डेव्हलपर इथेच फसतात.

इथल्या सेलमध्ये हायपरलिंक फॉर्म्युला होता. त्याचे दोन भाग असतात: कुठे जायचे आणि सेलमध्ये काय दिसायचे. दुसऱ्या भागात 'गाडीची नोंद अपूर्ण' हे वाक्य. पहिल्या भागात परक्या सर्व्हरचा पत्ता आणि त्यापुढे & चिन्हाने जोडलेले दुसऱ्या ते सहाव्या ओळीचे फ्लॅट, मोबाईल आणि पास हे सेल. क्लिक होताच हे सगळे पत्त्याचा भाग बनून त्या सर्व्हरकडे गेले. हायपरलिंक फॉर्म्युल्याचा पत्ता २५५ अक्षरांपलीकडे चालत नाही, म्हणून पाचच ओळी. फाईल फ्लॅट क्रमांकाने लावलेली असल्यामुळे पहिल्या इमारतीच्या पहिल्या पाच नोंदी गेल्या. त्यांतले तीन कायम पास होते.

कॉलमचा क्रम बाहेरच्या माणसाला कसा कळला? कंपनीच्या मदतपानावर नमुना रिपोर्टचे चित्र होते. त्यात शीर्षकाची ओळ स्पष्ट वाचता येत होती.

हायपरलिंकला निदान एक क्लिक लागते. एक्सेल २०१३ पासून विंडोजवर असलेले वेबसर्व्हिस फंक्शन, गुगल शीट्समधली इम्पोर्टएक्सएमएल आणि इमेज ही फंक्शन स्वतःहून बाहेर संपर्क करू शकतात. मध्ये येते ती फक्त प्रोग्रामची परवानगीची सूचना. त्याहून वाईट प्रकार डीडीई, म्हणजे डायनॅमिक डेटा एक्सचेंजचा. या जुन्या विंडोज सोयीतून सेलमधूनच संगणकावरचा दुसरा प्रोग्राम सुरू करता येत असे. नव्या एक्सेलमध्ये हे मुळात बंद असते, पण सोसायट्यांच्या ऑफिसात नवे एक्सेल असतेच असे नाही. या ऑफिसातले कितीतरी जुने होते.

सीएसव्हीतून असा फॉर्म्युला घुसवण्याचा प्रकार नवा मुळीच नाही. सुरक्षा संशोधक जेम्स केटल यांनी २०१४ मध्ये तो तपशिलाने मांडला. सॉफ्टवेअरमधल्या कमकुवतपणांच्या सीडब्ल्यूई यादीत त्याला १२३६ हा क्रमांक आहे आणि ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्याचे स्वतंत्र पान आहे. तरीही 'हा दोष एक्सेलचा, आमचा नाही' असे म्हणून अनेक कंपन्या तो सोडून देतात. या कंपनीच्या पहिल्या बैठकीतही हेच वाक्य आले. ते पटण्यासारखे नाही. मॅडमनी ती फाईल अनोळखी मेलमधून घेतली नव्हती. रोजच्या विश्वासाच्या सॉफ्टवेअरमधून, स्वतःच्या लॉगिनने उतरवली होती. डाउनलोड केलेली फाईल एक्सेल आधी प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे फक्त वाचता येईल अशी, उघडते हे खरे, पण फिल्टर लावायचा तर 'एनेबल एडिटिंग' दाबावेच लागते. दर सोमवारी दाबले जाणारे बटण धोक्याची सूचना देऊ शकत नाही.

आठ महिन्यांपूर्वीची खूण

जुन्या तक्रारी चाळताना एक नोंद सापडली. दुसऱ्या एका सोसायटीने लिहिले होते: 'लँडलाइन नंबर उणे दिसतात.' काही लोक नंबर +९१-२२- असा सुरू करून लिहीत. समजा शेवटचे आठ आकडे २००००००० असतील, तर एक्सेल ९१ मधून २२ आणि मग ते आठ आकडे वजा करून सेलमध्ये -१९९९९९३१ दाखवी. सपोर्टने उत्तर दिले होते, 'ही एक्सेलची सवय आहे, कॉलम टेक्स्ट करून घ्या', आणि तक्रार बंद केली होती.

पाहुण्याने टाइप केलेला मजकूर एक्सेलमध्ये हिशेब म्हणून चालतो आहे, याचा तो धडधडीत पुरावा होता. नंबर चुकीचा दिसतो म्हणून ती 'दिसण्याची' तक्रार ठरली. त्या दिवशी एखाद्या डेव्हलपरने 'मग इथे कोणी =१+१ लिहिले तर?' एवढे करून पाहिले असते तर पुढचे सारे टळले असते.

कोणते पर्याय तोलले गेले

पहिली सूचना आली ती फॉर्मवरच बंदी घालण्याची: चार चिन्हांपैकी एकाने सुरू होणारा मजकूर घ्यायचाच नाही. डेटाबेसमध्ये शोध घेतल्यावर ती मागे पडली. या चिन्हांनी सुरू होणाऱ्या शेकडो नोंदी निघाल्या आणि दोन सोडून सगळ्या निरुपद्रवी. +९१ ने सुरू होणारे मोबाईल. सक्तीचा रकाना टाळण्यासाठी टाकलेली नुसती '-'. '@गेट २' असे लिहिणारे कुरिअरवाले. शिवाय माहिती फक्त या फॉर्ममधून येत नव्हती. जुन्या एक्सेलमधून एकगठ्ठा भरलेले सभासद, गेटवरच्या टॅबवरून वॉचमनने घातलेली नावे, टँकरवाल्यांचे शेरे असे रस्ते बरेच होते. डेटाबेसमध्ये किंवा वेबपानावर '=' ने सुरू होणारा मजकूर कोणालाही इजा करत नाही; तो घातक होतो स्प्रेडशीटमध्ये शिरताना. म्हणून उपायही त्याच उंबरठ्यावर हवा, असे ठरले.

दुसरा पर्याय सीएसव्ही ठेवून संशयित सेलच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह लावण्याचा. दिवसभरात होणारे काम. पण हाताने टाइप केलेले ते चिन्ह एक्सेल लपवते, तर सीएसव्हीतून आलेले तसेच दाखवते. सगळे मोबाईल '+९१ असे दिसू लागतात. लेखापाल तीच फाईल हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरत असेल तर तिथे नंबर जुळत नाहीत, आणि उणे रक्कम, उदाहरणार्थ परत केलेले डिपॉझिट -५००, मजकूर बनून बेरजेतून गळते. शेवटचा धोका सर्वांत गंभीर, कारण तो ताळेबंद लागेपर्यंत दिसत नाही.

तिसरा पर्याय एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची स्वतःची फाईल द्यायचा. या प्रकारात प्रत्येक सेलसोबत त्याचा प्रकार लिहिता येतो: हा मजकूर, हा आकडा, हा फॉर्म्युला. मजकूर म्हणून नोंदवलेला सेल एक्सेल चालवत नाही. काम आठवडाभराचे होते, आणि काही ग्राहक सीएसव्हीच मागत होते.

शेवटी ठरले ते असे: लगेच दुसरा पर्याय, पण फक्त मजकुराच्या कॉलमना, आठवड्याभरात तिसरा, आणि माणसाने उघडायची फाईल वेगळी, यंत्राने वाचायची वेगळी.

काय केले

पहिल्याच दिवशी 'पाहुणे' आणि 'तक्रारी' या दोन्हींचा एक्सपोर्ट बंद केला. पाच फ्लॅटना फोन गेले, तिन्ही कायम पास संध्याकाळपर्यंत बदलले आणि जुने क्रमांक गेटच्या टॅबवरून काढले. समोरच्या सर्व्हरवर माहिती पोचली की नाही हे इकडून सिद्ध होत नाही, म्हणून ती पोचली असेच धरले.

मग फाईलचा माग. मॅडमनी क्लिक करण्याआधीच ती सेक्रेटरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली होती. ग्रुपवरून ती काढली, पण ज्यांच्या फोनवर उतरली होती त्यांना एकेक फोन करावा लागला. कोणी कुठला रिपोर्ट कधी उतरवला याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतच नव्हते. त्यामुळे इतर सोसायट्यांत हा सेल कोणी उघडला का, याचे उत्तर मिळालेच नाही.

डेटाबेसमधल्या दोन घातक नोंदींपैकी दुसरी नऊ दिवस जुनी होती. त्यात फॉर्म्युला होता, पण माहिती जोडलेली नव्हती. कोणी क्लिक करते का, एवढेच पाहणारी ती चाचणी असावी. दोन्ही नोंदींत दिलेले मोबाईल नंबर अस्तित्वात नव्हते.

नव्या फाईलचे काम सोपे वाटले होते, ते दोनदा अडले. कंपनी पायथन आणि त्यातली एक्सेल फाईल लिहिणारी लायब्ररी ओपनपायएक्सएल वापरत होती. डेव्हलपरने सीएसव्हीऐवजी एक्सएलएसएक्स लिहून पाहिले, =१+१ ची चाचणी नोंद घातली, फाईल उघडली, आणि सेलमध्ये २! या लायब्ररीला '=' ने सुरू होणारा मजकूर दिला की ती स्वतःच त्याला फॉर्म्युला ठरवते. मूल्य दिल्यानंतर सेलचा डेटा प्रकार 'एस', म्हणजे मजकूर, असा स्पष्ट बदलावा लागतो. एक्सएलएसएक्सरायटर या दुसऱ्या लायब्ररीतही साधे राइट फंक्शन असेच वागते. तिथे राइट-स्ट्रिंग वापरावे किंवा मजकुराचे फॉर्म्युले करणारा पर्याय बंद करावा. पीएचपीस्प्रेडशीटमध्ये प्रकार उघड सांगणारे 'एक्स्प्लिसिट' फंक्शन आहे. जावाच्या अपाचे पीओआयमध्ये मजकूर आणि फॉर्म्युला यांची फंक्शन मुळातच वेगळी आहेत. नुसता फाईल प्रकार बदलून निर्धास्त होणे म्हणूनच चुकीचे.

दुसरा अडथळा एफ२ चा, म्हणजे सेल संपादनासाठी उघडणाऱ्या कळीचा. सेल आता =१+१ असाच दिसत होता, पण एफ२ दाबून एंटर केले की पुन्हा २. प्रकार मजकूर असला तरी सेलचे फॉरमॅट 'जनरल' होते, आणि संपादन झाले की एक्सेल नव्याने अंदाज बांधते. मजकुराच्या प्रत्येक सेलला 'टेक्स्ट' फॉरमॅट लावल्यावर हे थांबले. शेऱ्यात एखादे अक्षर दुरुस्त करणारे लोक ऑफिसात रोज असतात, म्हणून ही चाचणी वगळू नये.

एका सोसायटीचा रिपोर्ट तयारच होईना. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात एक अदृश्य नियंत्रण अक्षर होते आणि ओपनपायएक्सएल अशी अक्षरे नाकारते. लिहिण्याआधी ती गाळली.

आता प्रत्येक नव्या आवृत्तीआधी एक ठरलेला संच एक्सेल, कॅल्क आणि गुगल शीट्स या तिन्हींत उघडून पाहिला जातो: चारही चिन्हे; त्यांची पूर्ण रुंदीची रूपे, जी जपानी-चिनी कीबोर्डवरून येतात; टॅब, ओळबदल, आधी एक मोकळी जागा; मध्येच अवतरण आणि स्वल्पविराम; +९१-२२ चा नंबर आणि -५००. शेवटची रक्कम आकडाच राहून बेरजेत धरली गेली पाहिजे, बाकी सगळे जसे टाइप केले तसे दिसले पाहिजे.

अवतरण-स्वल्पविरामाची चाचणी उगाच नाही. जुना एक्सपोर्ट नावाचा कॉलम अवतरणात न घेता नुसता स्वल्पविरामाने चिकटवत होता. नावात 'पाटील, प्लंबर' आले की पुढचे सगळे कॉलम एक घर सरकत. म्हणजे नावाच्या मधोमध स्वल्पविराम आणि त्यापुढे '=' टाकून कोणीही नवा सेल सुरू करू शकला असता, आणि पहिले अक्षर तपासणारा पहारा त्याला पकडू शकला नसता. यंत्रासाठीची सीएसव्ही आता लायब्ररीने लिहिली जाते: प्रत्येक रकाना अवतरणात, आतले अवतरण दुहेरी.

कळवण्याचा निर्णय

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. इथे फोन सकाळी अकराला आला. 'पाच ओळी गेल्या, ही घटना धरायची का' आणि 'कळवायचे कोणी, फेडरेशनने की आपण' यावर संध्याकाळ गेली. माहिती फेडरेशनची, ती हाताळणारी कंपनी, असे दोन्हीकडे बोट दाखवता येत होते. कळवणारा मेल दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. तिथे उशीर झाला, आणि त्याला सबब नव्हती. आधी उपलब्ध तेवढे कळवायचे आणि तपशील मागाहून जोडायचे, हे सहा तासांत सहज जमते.

परिणाम

नव्या फाईलचे स्वागत अनपेक्षित कारणाने झाले. चौथ्या इमारतीतला ४-११ हा फ्लॅट आजवर एक्सेलमध्ये ४ नोव्हेंबर होत असे. तो आता ४-११ राहिला. मराठीत भरलेली नावे सीएसव्हीत काही ऑफिसांत अगम्य चिन्हांची रांग होऊन येत. ती आता नीट वाचता येतात. सुरक्षिततेसाठी केलेला बदल लोकांनी सोय म्हणून आनंदाने घेतला, त्यामुळे 'जुनीच फाईल द्या' असा आग्रह जवळपास कोणी धरला नाही.

सहा आठवड्यांनी फेरतपासणी केली, तेव्हा एक भोक उघडे सापडले. एका सोसायटीचे लेखापाल एक्सएलएसएक्स उघडून 'सेव्ह ॲज' करत, सीएसव्ही बनवत, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरत आणि तपासायला तीच सीएसव्ही पुन्हा डबल-क्लिक करत. सेव्ह होताना सेलचे प्रकार पुसले जातात आणि =१+१ पुन्हा जिवंत होतो. त्यांना विचारले तर म्हणाले, "अहो, आयातीला तीच लागते, मग मी करू काय?" त्यांचे बरोबर होते. त्यांच्यासाठी हवे तेवढेच कॉलम असलेली वेगळी आयात-फाईल दिली. तिच्यात बाहेरच्या माणसाने लिहिलेला एकही रकाना नाही, आणि रकमा आकडा असल्याशिवाय लिहिल्याच जात नाहीत. सीएसव्ही बघायचीच असेल तर एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' वापरायचे; त्या वाटेने =१+१ मजकूर म्हणूनच येतो. गुगल शीट्समध्ये आयात करताना मजकुराचे आकडे, तारखा आणि फॉर्म्युले करण्याची खूण काढायची.

काय वेगळे करता आले असते

आठ महिन्यांपूर्वीची तक्रार आणि सहा तासांची मुदत चुकवून झालेला उशीर वर आलेच आहेत. त्यांच्याइतकाच महत्त्वाचा मुद्दा फाईलमधल्या कॉलमचा. सेक्रेटरींना पाहुण्यांची यादी हवी होती; तिच्यात कायम पास क्रमांक असण्याचे कारण कोणालाच सांगता आले नाही. कोणीतरी कधीतरी 'सगळे कॉलम द्या' म्हटले होते आणि ते तसेच चालू राहिले. तो कॉलम नसता तर तोच फॉर्म्युला, तीच क्लिक, आणि नुकसान फ्लॅट आणि मोबाईल नंबरांपुरतेच राहिले असते. आता पास क्रमांक कुठल्याच एक्सपोर्टमध्ये जात नाही.

सपोर्टसाठी एक ओळ वाढवली आहे: एक्सेलमध्ये काही 'वेगळे दिसते' अशी तक्रार आली तर ती बंद करण्याआधी त्या सेलच्या वरच्या पट्टीत काय आहे हे ग्राहकाकडून वाचून घ्यायचे आणि डेव्हलपरने ती फाईल पाहायची. कोणी कोणता रिपोर्ट उतरवला याची नोंदही आता १८० दिवस राहते. टँकरच्या हिशेबाचा जुना रिपोर्ट मात्र अजून सीएसव्हीतच निघतो. त्यातला 'शेरा' रकाना टँकरवाले स्वतः भरतात, म्हणून तो रिपोर्ट बदलून होईपर्यंत शेरा त्यातून वगळला आहे.